गोव्याला व्हीलचेअर नेताना: आधी टेप, मग तिकीट

पणजीतल्या किंवा कळंगुटच्या कुठल्याही हॉटेलात फोन करून ‘तुमच्याकडे व्हीलचेअर चालते का?’ असं विचारलं, की उत्तर बहुधा ठरलेलं असतं: ‘हो, चालते की!’ समोरचा माणूस खोटं बोलत नसतो. त्याच्या डोळ्यांसमोर रिसेप्शनपुढचा रॅम्प असतो आणि तिथवर खुर्ची खरंच येते. पुढे ती बाथरूमच्या दारातून आत जाते का, हे त्याला आजवर कुणी विचारलेलंच नसतं. तेव्हा हो-नाहीचे प्रश्न सोडा आणि सेंटिमीटर विचारा. गोव्याची सहल बाथरूम आणि वाळू या दोन जागी अडते. बाकी सगळ्याला काही ना काही तोड निघते.

सुरुवात आपल्याच खुर्चीपासून. १८ इंची सीटची साधी घडीची खुर्ची बाहेरून मोजली तर रुंदीला साधारण ६५ सेंमी आणि फूटरेस्ट धरून लांबीला १०५ सेंमीच्या आसपास भरते. स्वतःच्या हाताने चाकं फिरवणाऱ्याला दोन्ही बाजूंना बोटांपुरती जागा लागते, म्हणजे दार ७५ सेंमी तरी मोकळं हवं. मोकळं म्हणजे दार उघडल्यावर फळीच्या कडेपासून समोरच्या चौकटीपर्यंतचं अंतर. हॉटेलवाला चौकट मोजून ‘अडीच फूट’ सांगतो, त्यात दाराची जाडी आणि बिजागरी जाऊन हातात ७० सेंमीच उरतात. टेप लावलेला फोटो व्हॉट्सॲपवर मागवावा. फोटो पाठवायला कंटाळा करणारं हॉटेल तिथे गेल्यावर मदतीलाही कंटाळा करेल, असं खुशाल समजा.

बाथरूमचं दार तीन-चार सेंमीसाठी अडत असेल तर एक सोपी युक्ती आहे. दार बिजागरीतून काढून ठेवायला सांगायचं आणि तिथे पडदा लावायचा. छोटी हॉटेलं आणि होमस्टे हे आनंदाने करतात, फक्त आदल्या दिवशी सुतार किंवा देखभालीचा माणूस हजर असायला हवा. रात्री दहाला पोचून हे सांगितलं तर काही उपयोग नाही.

दारानंतर उंबरा. आपल्याकडच्या बहुतेक बाथरूमची फरशी खोलीपेक्षा दोन ते पाच सेंमी खाली असते किंवा पाणी बाहेर येऊ नये म्हणून दारात कट्टा असतो. दोन सेंमीला रबरी पट्टी पुरते, दहा सेंमीच्या कट्ट्याला पुरत नाही. मग शॉवर. काचेचं क्युबिकल असेल तर त्याचं दार ५५-६० सेंमीचं आणि खाली पुन्हा कडा, म्हणजे ते बाद. शॉवर मोकळ्या जागेत हवा आणि हातात धरायचा हवा. ‘आम्ही प्लॅस्टिकची खुर्ची देतो’ यावर विसंबू नका. ओल्या टाइल्सवर तिचे पाय फाकतात आणि बसताना वजन एका बाजूला गेलं की खुर्ची निसटते. रबरी बुटांचं शॉवर स्टूल किंवा चाकांची कमोड खुर्ची लागते. पणजी-मडगावात वैद्यकीय साहित्याची दुकानं ती डिपॉझिट घेऊन भाड्याने देतात. दुकानदाराला विचारायचं ते एवढंच, की सीटखाली जमिनीपासून मोकळी उंची किती. ती हॉटेलच्या कमोडपेक्षा दोन सेंमी तरी जास्त हवी, नाहीतर खुर्ची कमोडवर सरकतच नाही. कमोडची उंचीही त्याच फोनमध्ये विचारून घ्या. ४० सेंमीच्या कमोडवरून ५० सेंमीच्या खुर्चीत परत येणं म्हणजे दर वेळी चढाई. ४५ ते ४८ असेल तर बरं. धरायला दांडी नसेल तर टॉवेल टांगायच्या दांडीला धरू नका, ती दोन स्क्रूवर असते आणि हमखास उखडते.

लिफ्टबद्दल ‘आहे’ एवढं उत्तर पुरेसं नाही. लिफ्टच्या आत किती माणसं आणि किती किलो हे लिहिलेली पाटी असते, तीच वाचून दाखवायला सांगा. ६ जण, ४०८ किलो असेल तर आतली खोली साधारण १०० सेंमी आणि दार ७०. म्हणजे १०५ सेंमीची खुर्ची फूटरेस्ट काढल्याशिवाय बसत नाही आणि दाराशीही ओढाताण होते. ८ जण, ५४४ किलोच्या लिफ्टमध्ये दार ८०, खोली ११० सेंमी; जेमतेम जमतं, पण ढकलणारा माणूस आत मावायला अंग चोरावं लागतं. १० जणांची असेल तर निर्धास्त व्हा. ४ जणांच्या लिफ्टचा विचारच नको, तळमजल्याची खोली मागा.

पलंगाखाली पोकळी आहे का, हेही विचारा. हॉइस्ट, म्हणजे माणसाला उचलून पलंगावर ठेवणारं चाकांचं यंत्र, वापरणाऱ्यांसाठी हा प्रश्न कळीचा. हॉइस्टचे पाय पलंगाखाली जायला साधारण १२ सेंमी जागा लागते, आणि हॉटेलांतले बॉक्स पलंग खालून बंद असतात. ज्या बाजूने खुर्ची लावायची तिथे ९० सेंमी मोकळे ठेवून पलंग दुसऱ्या भिंतीला लावून मिळतो, तेही आधी सांगितलं तर.

जुनी पोर्तुगीज धाटणीची घरं, त्यांच्या बाल्कांवासकट, म्हणजे दारापुढच्या बसायच्या ओट्यासकट, फोटोत फार सुंदर दिसतात. त्या बाल्कांवाला तीन ते पाच पायऱ्या असतात हेही त्याच फोटोत दिसतं, फक्त तिकडे लक्ष जात नाही. रॅम्पचं प्रमाण एकास बारा: १५ सेंमीच्या एका पायरीला १८० सेंमी लांब रॅम्प. दोन पायऱ्या मिळून ३४ सेंमी असतील तर चार मीटरहून जास्त. ‘फळी टाकतो’ म्हणणाऱ्याची फळी ६० सेंमीची असते. तिचा चढ एकास चार होतो आणि त्या चढावर पुढची चाकं उचलली जाऊन खुर्ची मागे उलटते. अशा वेळी फळीपेक्षा दोन धडधाकट माणसं बरी. खुर्ची पाठमोरी करून एकेक पायरी वर ओढायची, एकाने मागच्या मुठी आणि दुसऱ्याने पुढची मुख्य फ्रेम धरायची. हात टेकायची दांडी किंवा फूटरेस्ट धरून उचलू नये, ती सुटी निघते.

आता प्रवास. कोकण रेल्वेने यायचं तर पणजीला करमळी जवळ, उत्तरेला थिवी, दक्षिणेला मडगाव. मेल-एक्स्प्रेसमधला दिव्यांगांचा डबा गार्डच्या डब्याला जोडलेला, म्हणजे गाडीच्या टोकाला असतो. त्याची जागा स्टेशनवर आधी विचारून ठेवा, कारण वाटेतल्या स्टेशनात गाडी दोन-तीन मिनिटं थांबते आणि तेवढ्यात खुर्ची घेऊन प्लॅटफॉर्मभर धावता येत नाही. साध्या डब्यात मधली वाट इतकी अरुंद, की खुर्ची दारातच सोडावी लागते. मुंबई-मडगाव वंदे भारत २०२३ च्या जूनमध्ये सुरू झाली. तिच्या टोकाच्या डब्यांत व्हीलचेअरसाठी जागा आणि मोठं स्वच्छतागृह आहे. तिकीट काढताना तोच डबा मिळेल असं बघा. मेल-एक्स्प्रेसमध्ये सोबत्याशिवाय प्रवास न करू शकणाऱ्या अस्थिव्यंग प्रवाशाला स्लीपर आणि थ्री एसीला ७५ टक्के, टू एसी आणि फर्स्ट एसीला ५० टक्के सवलत आहे आणि सोबत्यालाही तेवढीच. त्यासाठी रेल्वेचं ओळखपत्र आधी काढून ठेवा. ते ऐन वेळी होत नाही.

विमानाने यायचं तर उत्तर गोव्यासाठी मोपा, पणजी आणि दक्षिणेला दाबोळी सोयीचं. मदत ४८ तास आधी नोंदवा आणि नोंदवताना योग्य कोड वापरा. डब्ल्यूसीएचआर म्हणजे पायऱ्या चढता येतात, लांब चालवत नाही. डब्ल्यूसीएचएस म्हणजे पायऱ्याही चढता येत नाहीत. डब्ल्यूसीएचसी म्हणजे सीटपर्यंत नेऊन बसवावं लागतं. पहिला कोड पडला तर विमानाच्या पायऱ्यांशी आणून सोडतात आणि ॲम्ब्युलिफ्ट (खुर्चीसकट विमानाच्या दारापर्यंत उचलणारी गाडी) मागवेपर्यंत सगळे खोळंबतात. बॅटरीच्या घडीच्या खुर्चीत लिथियम बॅटरी काढता येत असेल तर ती केबिनमध्ये न्यायची आणि ३०० वॉट-अवरच्या आत हवी. हिशेब सोपा: व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. २४ व्होल्ट १२ अँपिअर-अवर म्हणजे २८८, चालते. २४ व्होल्ट २० अँपिअर-अवर म्हणजे ४८०, विमानतळावर थांबवतात. बॅटरीवरची छापील पाटी खरवडली गेली असेल तर कंपनीचं माहितीपत्रक छापून जवळ ठेवा. स्वतःची खुर्ची विमानाच्या दारात परत मिळावी असा टॅग मागा. गादी, जॉयस्टिक, बाजूच्या पट्ट्या काढून हातातल्या पिशवीत घ्या. हवेच्या गादीतला दाब उतरल्यावर पुन्हा तपासा.

टॅक्सी ठरवताना लोकांना वाटतं मोठी गाडी म्हणजे सोयीची. इनोव्हासारख्या गाडीची सीट साधारण ७० सेंमी वर असते, खुर्ची ५० वर. मधले वीस सेंमी उचलायचे कुणी? वॅगनआरसारखी उभट छोटी गाडी चढ-उतरायला पुष्कळ बरी. फक्त सीएनजीची असेल तर डिकी सिलिंडरने भरलेली असते आणि घडी केलेली खुर्ची मागच्या सीटवर आडवी टाकावी लागते. पुढची सीट पूर्ण मागे सरकवून तिथे बसणं सगळ्यात सोपं. गोव्यात मुंबई-पुण्यासारखी ॲपवर पटकन गाडी मिळेल या भरवशावर राहू नका. ओळखीचा एकच ड्रायव्हर तीन दिवसांसाठी बोलून ठेवा, दुसऱ्या दिवसापासून त्यालाच खुर्ची उघडता-मिटता येते.

पणजी शहरात चढ-उतार आहेत, पण नदीकाठ सपाट आहे. मांडवीच्या कडेचा पदपथ हा फिरायला उत्तम, अडचण होते ती त्यावर चढण्या-उतरण्याची. जिथे चढाल तिथून पुढे उतरायची जागा कुठे आहे ते बघूनच निघा. मेरी इमॅक्युलेट चर्चच्या नागमोडी पायऱ्या खालच्या चौकातूनच छान दिसतात. फोंताईन्यास या जुन्या वस्तीत पदपथाचा नाद सोडून रस्त्यावरूनच फिरायचं, रविवारी सकाळी आठच्या आत, दुचाक्या यायच्या आधी. जुन्या गोव्याला बॉम जेझूस आणि से कॅथेड्रलच्या मधलं आवार सपाट आहे. तिथे सकाळी लवकर गेलात तर सुरक्षारक्षकांना मदत करायला वेळ असतो.

आमची खास शिफारस मात्र पणजी-बेती फेरीबोटीची. पायी जाणाऱ्याला पैसे पडत नाहीत, बोटीचा पुढचा भाग धक्क्यावर आडवा पडतो आणि खुर्ची सरळ आत जाते. भरती-ओहोटीप्रमाणे त्या उताराचा कोन बदलतो, त्यामुळे ओहोटीला मागे एक माणूस हवाच. दुचाक्या उतरू द्या, मग निघा. बोटीवर खुर्ची प्रवासाच्या दिशेला आडवी लावून ब्रेक घाला, धक्क्याला टेकताना बसणारा हिसका मग पुढे ढकलत नाही. याउलट सांता मोनिकाच्या धक्क्यावरच्या संध्याकाळच्या क्रूझमध्ये नाच-गाणी बहुतेक वरच्या डेकवर आणि वर जायला जिना असतो. खालच्या डेकवर बसून छताचा धमधमाट ऐकायला पैसे देण्यात अर्थ नाही.

अंध प्रवाशांसाठी एक गोष्ट: वाळूत पांढऱ्या काठीचं साधं टोक रुतून बसतं, गोल फिरणारं टोक लावून न्या. समुद्राच्या आवाजात मागून येणारी जीप किंवा स्कूटर ऐकूच येत नाही, तेव्हा पाण्याच्या कडेने, समुद्र एका हाताला ठेवून चाला. कर्णबधिरांना जीवरक्षकाची शिट्टी ऐकू येत नाही. पाण्यात जायच्या आधी टॉवरवर जाऊन तसं सांगा आणि लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच राहा. नुसता लाल झेंडा म्हणजे पाण्यात उतरायचं नाही.

आता वाळू. किनाऱ्यावर तीन पट्टे असतात. वरचा कोरडा, भुसभुशीत; मधला ओलसर, घट्ट; आणि पाण्यालगतचा, जिथे लाट मागे जाताना चाकाखालची वाळू खाऊन नेते. खुर्चीला त्रास होतो तो पहिल्या पट्ट्यात, कारण पुढची चाकं लहान आणि बारीक असतात. ढकलताना वजन त्यांच्यावर येतं आणि ती नांगरासारखी आत घुसतात. म्हणून ढकलू नये, ओढावं. खुर्ची पाठमोरी करायची, थोडी मागे कलवायची म्हणजे पुढची चाकं उचलली जातात, आणि मोठ्या चाकांवर ओढत न्यायची. बसणाऱ्याने कमरेचा पट्टा बांधावा. बॅटरीची खुर्ची वाळूत नेऊ नका. ती जड असते, रुतते, मोटर तापून बंद पडते आणि मग तिला उचलायला चार माणसं लागतात.

मिरामारला हा कोरडा पट्टा भलताच रुंद आहे. तिथे झाडांखाली, रस्त्याच्या कडेला बसणं सुखाचं, पाण्यापर्यंत जाणं कष्टाचं; शिवाय मांडवीचं मुख जवळ असल्याने ओढ असते आणि पोहण्यासारखी ती जागा नव्हेच. पाळोळ्याला उतार मंद आणि ओली वाळू घट्ट मिळते. कळंगुटच्या मुख्य वाटेला पायऱ्या आहेत, त्यापेक्षा बाजूच्या शॅककडे जाणारी गाडीवाट शोधा. शॅकवाले सामान आणतात त्या वाटेला पायरी नसते, आणि हा नियम जवळजवळ सगळ्या किनाऱ्यांना लागू पडतो.

दोन-तीन दिवस एकाच किनाऱ्यावर जायचं असेल तर १२ मिमी प्लायवूडची एक आठ बाय चार फुटी शीट घ्या आणि दुकानातच तिचे तीन तुकडे करून घ्या. प्रत्येक तुकडा ८१ बाय १२२ सेंमीचा होतो. रुंदीला ६५ ची खुर्ची आरामात बसते, लांबीला १०५ ची अख्खी मावते. एक तुकडा सातेक किलोचा. एका कडेला भोक पाडून दोरी ओवा. खुर्ची दुसऱ्यावर आली की पहिला उचलून तिसऱ्याच्या पुढे टाकायचा. योगा मॅट, चटई असले प्रयोग करू नका, ती चाकात गुंडाळली जाते. जाताना शीट शॅकवाल्याला देऊन टाका, त्याला ती लागतेच.

तारखा ठरवताना पंचांग बघा. कोकणकिनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीला ८ गुणिले पाऊण म्हणजे ६ वाजता, सकाळी आणि संध्याकाळी. ओहोटी त्यानंतर सव्वासहा तासांनी, म्हणजे ऐन दुपारी, तीही भांगाची, फारशी न हटणारी. ही वेळ खुर्चीच्या कामाची नाही. त्रयोदशीला भरती पावणेदहाला, ओहोटी चारच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येला भरती सव्वाअकराला, ओहोटी साडेपाचच्या आसपास. या दोन-तीन दिवसांत उधाणामुळे पाणी खूप मागे जातं, घट्ट ओल्या वाळूचा पट्टा रुंद मिळतो, आणि तो नेमका संध्याकाळी उन्हं उतरल्यावर. हा हिशेब तासाभराने चुकू शकतो, म्हणून शेवटी मुरगाव बंदराचं भरतीचं कोष्टक बघून वेळ पक्की करा. महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. नाताळ-नववर्षाचा आठवडा टाळा. गर्दीत खुर्चीला वाट मिळत नाही. पावसाळ्यात पाण्यात उतरायचं नसतं आणि चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं.

मणक्याला दुखापत असलेल्यांना छाती-कमरेखाली घाम येत नाही, त्यामुळे ऊन त्यांना लवकर लागतं. पाण्याची फवारा-बाटली आणि ओला पंचा जवळ हवा. पायांना संवेदना नसेल तर तापलेल्या वाळूचा चटका कळत नाही, शिंपल्याने कापलेलंही कळत नाही. पाण्यात जातानासुद्धा बूट-मोजे घाला. ओल्या चड्डीत वाळूचे कण घेऊन अर्धा तास बसलं तरी कातडी सोलते आणि त्याची जखम महिनोन्‌महिने भरत नाही. बाहेर आल्याबरोबर गोड्या पाण्याने अंग धुवा, कोरडं करा आणि आरशाने बैठकीची जागा बघा.

फुगीर चाकांची पाण्यात जाणारी खुर्ची मिळाली तर तिच्यात बसा, पण ती तरंगते आणि लाटेने उलटतेही. दोन्ही बाजूंना एकेक जीवरक्षक असल्याशिवाय कमरेच्या वर पाण्यात जाऊ नका आणि पट्टा पटकन सुटेल असाच असू द्या. पणजीत जानेवारी २०२३ मध्ये पहिला पर्पल फेस्ट, म्हणजे दिव्यांगांसाठीचा उत्सव, झाला, त्यानंतर गोव्यात या विषयाची चर्चा खूप वाढली. चांगलंच आहे. मात्र उत्सवाच्या फोटोंत दिसणारे रॅम्प आणि खुर्च्या एरवी तिथे असतीलच असं धरू नका. गोव्याच्या दिव्यांग आयोगाकडे किंवा किनाऱ्यावरच्या जीवरक्षकांकडे त्या आठवड्याची स्थिती विचारून मगच बेत आखा.

रोज संध्याकाळी खुर्ची धुवायची, दुसऱ्या दिवशीवर टाकायची नाही. बादलीभर गोडं पाणी आणि एक मग पुरतो. जोराच्या पाइपाने मारू नका, खारी वाळू बेअरिंगच्या आत जाते. पुढच्या चाकांच्या दांड्याला केस आणि वाळूची गुंडाळी बसते, ती चिमट्याने ओढून काढा. फडक्याने पुसा, मग पंख्याखाली ठेवा. गंज काढायचा स्प्रे म्हणजे ग्रीस नव्हे. स्प्रे मारला तर कोरडा करून वर ग्रीसचं बोट फिरवा. सोबत दोन ॲलन की, एक पाना, एक जादा ट्यूब आणि छोटा पंप असू द्या. ट्यूबचा व्हॉल्व्ह सायकलचा आहे की मोटारसायकलचा ते घरीच बघून ठेवा, कारण रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडे दुसऱ्या प्रकारची तोटी असेल तर हवा भरता येत नाही. टायरच्या कडेवर छापलेला दाबाचा आकडा त्याला आधी दाखवा. मोटारसायकलच्या अंदाजाने भरली तर हवा कमी राहते, आणि कमी हवेचा ब्रेक टायरला नीट टेकत नाही.